गावाचा भूजल नकाशा कसा करावा आणि निरीक्षणासाठी विहिरी कशा निवडाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं एक गाव. गावातल्या पाच-सहा तरुणांनी मे महिन्यात ६१ विहिरी आणि २४ बोअर मोजले. जागा आणि उंची फोनवरून घेतली, आकडे क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या संगणक प्रोग्राममध्ये भरले आणि भूजल पातळीच्या समपातळी रेषा, म्हणजे सारखी पातळी असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या. नकाशात ओढ्याच्या काठी एक गोल उंचवटा आला, गावठाणामागे खोल खड्डा आला आणि एका पट्ट्यात तर पाणी डोंगराच्या दिशेनं चढताना दिसतं आहे. आता त्यांना विचारायचं आहे की चूक कुठे झाली आणि कायम मोजत राहण्यासाठी यातल्या कोणत्या विहिरी ठेवाव्यात.

आधी हे सांगते की तुम्ही केलेली मोजणी वाया गेलेली नाही. मे महिन्याच्या उन्हात ८५ ठिकाणी फिरून टेप सोडणं हे कष्टाचं काम आहे आणि त्यातले बहुतेक आकडे वापरता येतील. चूक नकाशा काढण्याच्या क्रमात आहे. तुम्ही थेट पाण्याचा नकाशा काढायला बसलात. आपल्या भागात आधी खडकाचा नकाशा करावा लागतो, आणि मग पाणी त्यात बसवावं लागतं.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं राहिलेली असतात, ती पुढे पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या खाली काळा पाषाण. पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतील तर तो पाणी देतो, नसतील तर टिपूसही देत नाही. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. सगळ्यांत वर माती आणि मुरूम. म्हणजे तुमच्या गावाखाली एक सलग पाणीसाठा नाही. एकाखाली एक असे दोन-तीन वेगळे जलधर, म्हणजे पाणी धरणारे थर, आहेत, आणि प्रत्येकाची पातळी वेगळी आहे.

आता तुमच्या नकाशातला खड्डा पाहा. गावठाणामागे जिथे पातळी एकदम खोल गेली, तिथे तुमच्या यादीत आठ-नऊ मीटरवर पाणी असलेल्या विहिरींच्या मधोमध ४८ मीटरवर पाणी असलेला एक बोअर आहे. संगणकाला दोन्ही ठिपके सारखेच. त्याने त्यांच्यामध्ये उतार काढून दिला. तो उतार जमिनीत नाहीच. विहीर वरच्या जलधराचं पाणी दाखवते, बोअर खालच्या जलधराचं. हे दोन नकाशे वेगळे काढायचे, एका कागदावर कधीही मिसळायचे नाहीत. मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत हीच चूक करून एका गावाला पुनर्भरणाची, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्याची, जागा चुकीची सांगितली होती. तिथे चर खोदले गेले आणि त्यांचा उपयोग झाला नाही. त्यानंतर मी फॉर्मवर पहिला रकाना 'विहीर की बोअर, आणि पाणी कोणत्या खडकातून' हाच ठेवते.

बोअरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण निरीक्षणाच्या विहिरी निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपल्याकडे बोअरला वरचे वीस-तीस फूट केसिंग, म्हणजे पाइप, घालतात आणि खाली भोक उघडंच सोडतात. मुरूम ढासळू नये एवढाच त्यामागचा हेतू. पण वरच्या जलधराचा झरा केसिंगच्या खाली असेल तर ते पाणी बोअरमध्ये पडतं आणि खालच्या थरात जातं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, पंप बंद असताना, बोअरच्या तोंडाला कान लावून उभं राहा. कितीतरी बोअरमध्ये आत पाणी पडत असल्याचा आवाज स्पष्ट येतो. टप टप नाही, बारीक धार पडल्यासारखा. तो आवाज म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी खाली चाललेलं असतं. अशा बोअरमध्ये मोजलेली पातळी ना वरच्या जलधराची, ना खालच्या. तुमच्या २४ बोअरपैकी ज्यात असा आवाज येतो ते नकाशातून बाजूला काढा, पण त्यांची वेगळी यादी ठेवा. गावच्या पाण्याला गळती कुठे लागली आहे हे ती यादी सांगेल.

दुसरी चूक उंचीची. भूजलाचा नकाशा 'किती खोल पाणी आहे' या आकड्यावरून काढत नाहीत. जमिनीची उंची वजा पाण्याची खोली म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची उंची, आणि समपातळी रेषा त्या उंचीच्या असतात. तुम्ही हे बरोबर केलंत, पण जमिनीची उंची फोनवरून घेतलीत. फोनच्या उंचीत दहा-पंधरा मीटरची चूक नेहमीची आहे. शिवाय काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, तर काही उपग्रहांसाठी मानलेल्या गणिती पृष्ठभागापासूनची. महाराष्ट्रात या दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. दोघांनी दोन फोनवर दोन ॲप वापरली असतील तर पाणी डोंगर चढणारच.

यावर उपाय जुनाच आहे. डंपी लेव्हल, म्हणजे दुर्बिणीतून पट्टी वाचून उंचीतला फरक मोजायचं यंत्र. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये किंवा बांधकामाच्या ठेकेदाराकडे ती मिळते, आणि चालवायला एक दिवसात शिकता येते. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची मिळाली नाही तरी अडत नाही. देवळाच्या पहिल्या पायरीला १०० मीटर धरा आणि तिथून सगळ्या विहिरींच्या उंच्या बांधत जा. पाणी कुठून कुठे जातं हे कळायला गावापुरती एक पायरी पुरते. सगळ्या ६१ विहिरींची उंची काढणं जमणार नसेल तर २० ची काढा, पण ती नीट काढा.

तिसरी गोष्ट वेळेची. तुमच्या यादीतल्या तारखा ६ मे ते २९ मे अशा आहेत. उपसा चालू असलेल्या गावात तेवीस दिवसांत पातळी मीटर-दीड मीटर सहज उतरते. पहिल्या दिवशीची विहीर आणि शेवटच्या दिवशीची विहीर यांच्यात दिसणारा उतार मग काळाचा असतो, जागेचा नसतो. सगळं गाव दोन दिवसांत मोजून व्हायला हवं. पहाटे पाच ते नऊ, आणि आदल्या रात्रीपासून पंप बंद. लोक एक रात्र पंप बंद ठेवतात, आधी घरोघर जाऊन सांगितलं तर. ज्यांनी ठेवला नाही त्यांच्यापुढे 'पंप चालू होता' एवढं लिहा, आकडा मात्र नकाशात घेऊ नका.

आणि कोरडी विहीर. तुम्ही १४ कोरड्या विहिरी गाळून टाकल्यात. त्या सगळ्या परत घ्या. कोरडी विहीर सांगते की पाणी तिच्या तळाच्या खाली आहे, आणि ही फार मोलाची माहिती आहे. तळाची उंची लिहा आणि पुढे 'याहून खाली' अशी खूण करा. समपातळी रेषा काढताना तेवढ्यानंही रेषेला दिशा मिळते.

आता खडकाचा नकाशा कसा करायचा ते सांगते, कारण याला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. न बांधलेल्या विहिरीच्या काठावर सकाळी दहाच्या सुमाराला बसा, ऊन समोरच्या भिंतीवर असताना. वरून माती, मग पिवळसर मुरूम, मग पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या, मग काळा पाषाण असे थर दिसतात. कुठे एक आडवी ओली रेघ दिसेल. त्या रेघेवर नेचे उगवलेले असतात, शेवाळ असतं, पिंपळाची मुळं नेमकी तिथेच शिरलेली असतात. भर मे महिन्यात रेघ सुकली तरी नेच्यांच्या वाळक्या काड्या आणि क्षारांचा पांढरा डाग राहतो. तीच तुमची पाझराची पातळी. टेपने तिची खोली मोजा, फोटो काढा. पाझर विहिरीच्या कोणत्या अंगाने येतो तेही लिहा. विहिरीचा गाळ काढणाऱ्या माणसाला हे तोंडपाठ असतं. 'डोंगराच्या अंगाला दोन झरे, खाली ओढ्याच्या अंगाला काही नाही' हे त्याचं वाक्य तुमच्या कंटूरइतकंच, म्हणजे समपातळी रेषांइतकंच, खरं असतं, आणि कंटूर त्याच्याशी जुळत नसेल तर मी कंटूर पुन्हा तपासते.

विहिरी बांधलेल्या असतील तर ओढ्याच्या घळी, दगडखाणी, रस्त्याच्या कापलेल्या कडा बघा. थर आडवे असल्यामुळे डोंगरउतारावर जो मांजऱ्याचा पट्टा ज्या उंचीवर दिसतो, तो पलीकडच्या विहिरीत साधारण त्याच उंचीला सापडतो. देवळाच्या पायरीपासूनच्या उंच्या इथे पुन्हा कामी येतात. वीस विहिरींतले थर उंचीप्रमाणे शेजारी शेजारी आखले की गावाचा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तसं थरांचं चित्र, तयार होतो, आणि कोणती विहीर कोणत्या थरातून पाणी घेते हे मग वाद न घालता कळतं. बोअरसाठी रिगवाल्याला, म्हणजे बोअर मारणाऱ्याला, विचारा. किती फुटांवर केसिंग थांबवलं, कुठे लाल पाणी आलं, कुठे पहिलं पाणी लागलं हे बऱ्याच जणांच्या वहीत असतं.

तुमच्याकडे कमी, पण धुळे-नंदुरबारकडे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं एक: तिथे बेसाल्ट फोडून वर आलेल्या उभ्या भिंती, डाइक, खूप आहेत. अशा भिंतीच्या दोन्ही अंगांना हाकेच्या अंतरावर असलेल्या विहिरींत पातळीचा मोठा फरक सापडू शकतो. तिथे समपातळी रेषा भिंतीपाशी तोडायची, ओढून पलीकडे न्यायची नाही.

हे झालं की मग रेषा. पहिला नकाशा हातानं काढा, मोठ्या कागदावर, पेन्सिलीनं. समजा एका विहिरीत पाण्याची उंची ९२.४ मीटर आली, तिच्यापासून ५०० मीटरवरच्या विहिरीत ८७.४ आली. फरक ५ मीटर. तर ९० ची रेषा पहिल्या विहिरीपासून २४० मीटरवर जाईल. अशा तीन विहिरींचे त्रिकोण करत जा आणि ठिपके जोडा. पाणी या रेषांना काटकोनात, उंचीकडून उतारीकडे जातं. रेषा दूर दूर असतील तिथे पाणी सहज सरकतंय, दाटीनं असतील तिथे खडक घट्ट आहे किंवा मध्ये काही अडलंय. हात चालवताना प्रत्येक विहिरीची आठवण येते, कोणती विहीर कॅनॉललगत आहे, कोणत्या विहिरीत टँकर रिकामा करतात. क्यूजीआयएसला ती आठवण नाही. ते सुंदर रेषा देतं, पण तुमची पेन्सिल झाल्यावरच त्याच्याकडे जा.

ओढ्याकाठचा तुमचा उंचवटा खरा आहे की खोटा, हे तुमच्या यादीतूनच कळतं. ती विहीर सिमेंट बंधाऱ्यापासून तीस मीटरवर आहे. बंधाऱ्यात एप्रिलपर्यंत पाणी असल्याचं तुम्हीच लिहिलंय. मग उंचवटा खरा आहे, पण तो बंधाऱ्याचा आहे, गावाचा नाही. अशी विहीर निरीक्षणासाठी निवडली तर दर वर्षी ग्रामसभेत 'पातळी चांगली आहे' असा अहवाल जाईल आणि चारशे मीटरवर लोक टँकरची वाट बघत असतील. मी हे घडताना पाहिलंय, आणि ज्या घरांत त्या वर्षी पाणी नव्हतं त्यांनी तो अहवाल वाचला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल हे मला विसरता येत नाही.

म्हणून निरीक्षण विहिरींची निवड ही या साऱ्या कामातली सर्वांत जबाबदारीची पायरी आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत, आणि राज्यात दीड हजारांहून जास्त पाणलोट क्षेत्रं पाडलेली आहेत. म्हणजे सरासरी दोनशे चौरस किलोमीटरमागे दोन-तीन विहिरी, वर्षातून चार वेळा मोजलेल्या. तालुक्याचं चित्र समजायला त्या ठीक आहेत. पण तुमच्या गावात वरच्या वस्तीचं पाणी फेब्रुवारीत का आटतं याचं उत्तर त्यांत मिळणार नाही, ते त्यांचं कामही नाही. तुमचं गाव अटल भूजल योजनेत आलेलं असेल तर पायझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठीचा बोअर, बसलेला असण्याची शक्यता आहे. त्याची खोली, केसिंग आणि जाळीची जागा विचारून घ्या, म्हणजे तो कोणत्या जलधराचा आहे हे कळेल.

तुमच्या आकाराच्या गावाला मी सात-आठ विहिरी ठेवीन. डोंगरपायथ्याच्या पुनर्भरणाच्या पट्ट्यात दोन, मधल्या शेतीत तीन, ओढ्याकडे खाली एक, आणि खालच्या जलधरासाठी नीट केसिंग असलेले दोन बोअर. त्यातला एक बोअर एखाद्या निरीक्षण विहिरीच्या शेजारी असावा. एकाच जागी वरची आणि खालची पातळी दिसली की गळती वाढते आहे का हे वर्षाच्या आत समजतं. विहीर वापरातून गेलेली असेल तर उत्तम, पण गाळानं बुजलेली नको. तसल्या विहिरीतलं थोडं पाणी पंपानं उपसून बघा. पातळी नंतर परत चढलीच नाही तर तिचा जमिनीशी संबंध तुटलेला आहे.

प्रत्येक विहिरीच्या काठड्यावर तैलरंगाने बाण काढा. मोजणी कायम त्या बाणापासून. एका गावात दोन वर्षांत पातळी पाऊण मीटर उतरल्याची नोंद आली होती, लोक घाबरले होते. जाऊन पाहिलं तर मालकाने मध्यंतरी काठडा पाऊण मीटरनं वाढवला होता आणि मोजणारा मुलगा नव्या काठड्यावरून टेप सोडत होता. बाणाची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहा. टेपच्या टोकाला खाली पोकळ असलेला लोखंडी तुकडा बांधा, तो पाण्याला टेकला की 'डुब्' असा आवाज येतो आणि खोल विहिरीतही चूक होत नाही. दर महिन्याला एक मोजणी, जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी. शाळेत पर्जन्यमापक ठेवा. ओढा कोणत्या तारखेला वाहायचा थांबला तेही लिहा, तेही भूजलाचंच मोजमाप आहे. साध्या टीडीएस मीटरनं प्रत्येक वेळी क्षार बघितले तर विहीर आणि बोअर वेगळ्या पाण्याचे आहेत का याची आणखी एक साक्ष मिळते.

या मोजणीतून पुढे काय मिळतं, ते एका हिशेबानं दाखवते. ऑक्टोबरची पातळी आणि मेची पातळी यांतला फरक प्रत्येक विहिरीपुढे लिहा आणि त्याचा वेगळा नकाशा काढा. मला हा नकाशा पहिल्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. समजा १०० हेक्टरच्या पट्ट्यात फरक ४ मीटर आला. आपल्या झिजलेल्या किंवा मांजऱ्या बेसाल्टमधून शंभर भागांतले १ ते ३ भागच पाणी निघतं, २ धरतात. तर १०० हेक्टर गुणिले ४ मीटर गुणिले ०.०२ म्हणजे ८०,००० घनमीटर, ८ कोटी लिटर. ऐकायला खूप वाटतं. उसाला हेक्टरी २०,००० घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, त्यातलं काही पाऊस देतो. सगळं विहिरीतून द्यायचं म्हटलं तर १०० हेक्टरच्या पोटातलं पाणी ४ हेक्टर उसात संपलं. जळगावकडच्या तापीच्या गाळात हाच ४ मीटरचा फरक कितीतरी पट जास्त पाणी असतो, म्हणून तिकडचे आकडे बघून आपल्याकडे पीक ठरवता येत नाही.

याच कारणानं आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात भरतात. ३५ मिलिमीटर पाणी मुरलं तर २ टक्क्यांच्या खडकात पातळी पावणेदोन मीटर चढते. आणि तितक्याच लवकर उतरते. फरकाच्या नकाशात जिथे ऑक्टोबरला पाणी जमिनीपासून दोन-तीन मीटरवरच आहे तिथे पुनर्भरणाची कामं घेऊ नका, तिथे घागर आधीच भरलेली आहे. ओढ्याकाठच्या पट्ट्यात बहुतेक हेच दिसेल. जिथे ऑक्टोबरलाही पाणी खोल आहे आणि छेदात मांजऱ्याचा पट्टा जमिनीजवळ येतो, तिथे चर खोदा.

आता तुमच्यापुरतं. पाऊस सुरू व्हायच्या आत दोन कामं उरकून घ्या: २० विहिरींच्या उंच्या डंपी लेव्हलनं, आणि न बांधलेल्या विहिरींतले थर. पाझराच्या रेघा पाणी चढलं की बुडतात, मग पुढच्या मेपर्यंत दिसत नाहीत. जमिनीत वीज सोडून खडक ओळखणाऱ्या रेझिस्टिव्हिटीवाल्याला बोलवायचा विचार लिहिलाय, तो छेद तयार होईपर्यंत थांबवा. त्याचे आकडे ओळखीच्या विहिरीशेजारी घेतले तरच वाचता येतात, आणि ओळखीची विहीर कोणती हे तुम्हालाच त्याला सांगावं लागेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पंप बंद ठेवून दोन पहाटांत सगळं गाव मोजा. हातानं काढलेला कागद आणि सात-आठ विहिरींची यादी पाठवलीत तर मी बघून देईन. ज्या बोअरमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला त्यांची यादीही सोबत जोडा, मालकाच्या नावाशिवाय, नुसती गट क्रमांकानं.